होडीतली पहिली फळी

मी सांगलवाडीचा. सिंगापुरात आल्यापासून हे मी भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आलोय. ऑफिसातल्या चिनी साहेबाला, खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्याला, मासे विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशीलासुद्धा. सांगलवाडी सांगितली की कृष्णा सांगावी लागते, आणि कृष्णा सांगितली की होड्यांच्या शर्यती आल्याच. माझे वडील नानासो, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तालमीच्या होडीत सलग अकरा वर्षं पहिल्या फळीवर बसायचे. बैठकीच्या खोलीत त्यांनी शर्यतीत जिंकलेल्या तीन ढाली आहेत. कॉलेजात असताना मीही दोन वर्षं त्या होडीत होतो. कुठल्या फळीवर होतो ते कुणी विचारत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

त्यामुळे कंपनीत ड्रॅगन बोटीचा संघ निघणार म्हटल्यावर पहिलं नाव माझं गेलं. ड्रॅगन बोट म्हणजे एक लांबलचक होडी. नाकाला ड्रॅगनचं तोंड, आत दहा फळ्या, फळीवर दोघं, असे वीस जण वल्हवणारे. पुढं ढोल वाजवणारा आणि मागं सुकाणू धरणारा. जगभरातून नोकरीला आलेली आमच्यासारखी माणसं तिथं सुट्टीच्या दिवशी हा खेळ खेळतात. मी त्याच संध्याकाळी आबांना फोन लावला.

"आबा, हितं बी शर्यत हाय. ईस जणांची होडी."

"आन तू कुठल्या फळीवर?"

"पहिल्या," मी म्हणालो. तोवर मी ती होडी बघितलीसुद्धा नव्हती.

पलीकडून आबा नुसतं "शाब्बास रं" म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तालमीला, दूध डेअरीला आणि चहाच्या गाड्याला ठाऊक झालं होतं की नानासोंचा जयराज परदेशात बापाच्या जागेवर बसलाय.

आमच्या कोच मिस तान. पन्नाशी उलटलेली, पाच फुटांची, बारीक चणीची बाई, पण आवाज पाण्याच्या या काठावरून त्या काठाला जायचा. त्यांची अडचण वेगळीच होती. मिश्र संघात वीसमध्ये निदान आठ बायका लागतात आणि आमच्याकडं सातच होत्या. "तुझी बायको?" त्यांनी मला विचारलं. मला हसूच आलं.

रेश्मा माणची, सातारच्या दुष्काळी भागातली. दहिवडीपासून पुढं बारा किलोमीटरवर तिचं गाव. तिकडं माणगंगा आहे, पण वर्षातले बरेच महिने तिच्यातून शेळ्या चालत जातात. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही तिला कृष्णेची ओटी भरायला घाटावर नेलं, तर ती तिसऱ्या पायरीवरच थांबली. खाली उतरायला तयार होईना. तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आमच्या सुनंला पानी फकस्त हंड्यातलं चालतंय!" सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो. पुढची नऊ वर्षं घरी पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट यायची. रेश्मा कप ठेवायची, ओठांतल्या ओठांत हसायची आणि आत जायची.

मी तिला चपात्या लाटताना सांगितलं, "बायका कमी पडल्यात. तू नुसतं बसायला ये. आकडा भरला म्हंजे झालं."

तिनं ती चपाती पुरी लाटली, तव्यावर टाकली. मग म्हणाली, "नुसतं बसायचं आसंल तर मी घरात बसंन की. वढायचं आसंल तर येते."

"आगं, तुला पवाय येत न्हाई."

"मग शिकायचं. त्यात काय?"

आमच्या इमारतीखाली पोहण्याचा तलाव आहे. दोन महिने ती रोज पहाटे त्यात उतरली. नाकातोंडात पाणी गेलं, डोळे लाल झाले, एकदा तर तळाशी बसून वर आली आणि कठडा धरून अर्धा तास थरथरत राहिली. मी काठावर उभा राहून सल्ले देत होतो. तिसऱ्या दिवशी तिनं मला घरी थांबायला सांगितलं. दोन महिन्यांनी ती तलावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न थांबता गेली आणि वर येऊन मला म्हणाली, "च्या ठिवा."

सरावाच्या पहिल्या दिवशी माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून मिस तान यांनी मला पहिल्या फळीवर बसवलं. रेश्मा नवव्या फळीवर, पार मागं. मग त्यांनी नियम सांगितला. ढोल कानानं ऐकून वल्हं टाकायचं नाही. मागच्याला आवाज लागेपर्यंत उशीर होतो. प्रत्येकानं पुढच्या फळीवरच्या हातांकडं बघायचं. पहिल्या फळीवरच्यांनी एका लयीत ओढायचं आणि मागच्या अठरा जणांनी त्यांच्या हातांबरोबर जायचं. नजर होडीच्या बाहेर गेली की खेळ संपला.

आता मला आबांनी शिकवलं होतं ते नेमकं उलटं. "शेजारच्या होडीवर डोळा ठिव. त्येनं एक वल्हं टाकलं तर तू दीड टाक." आमच्या भागात हे काही होडीपुरतं नाही. आमच्याकडं माणूस स्वतःच्या उसापेक्षा बांधापलीकडच्या उसाकडं जास्त बघतो. शेजाऱ्यानं एक मजला चढवला की आम्ही दोन चढवतो, मग वरच्या मजल्यावर कडबा ठेवायची वेळ आली तरी चालेल. ती नजर घेऊनच मी विमानात बसलो होतो.

तेव्हा शेजारून फिलिपिनो लोकांची होडी निघाली आणि माझी मान आपोआप तिकडं वळली. ते पुढं सरकायला लागले तसा मी दीडच्या हिशेबानं सुटलो. मागं अठरा वल्ही एकमेकांवर आपटली. एकाचं माझ्याच बरगडीत बसलं. होडी पाण्यात आडवी झाली आणि मिस तान यांचा आवाज आला, "जय! आइज इन द बोट!"

पुढच्या आठवड्यात मी तिसऱ्या फळीवर होतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाचव्या. शेजारी होडी दिसली की माझी मान वळायचीच, मी तरी काय करणार? आणि तिकडं रेश्मा नवव्यावरून आठव्या, आठव्यावरून सहाव्या फळीवर येत होती. मला वाटलं, बाईमाणसाला प्रोत्साहन देतायत.

एका आठवड्यात आमची गाठ सहाव्या फळीवर पडली. मी उजवीकडं, ती डावीकडं. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हासुद्धा मी तिच्याकडं इतकं नीट बघितलं नव्हतं. ती कंबरेतून वाकायची, वल्हं सरळ पाण्यात रोवायची आणि सगळ्या अंगानं मागं ओढायची. नजर पुढच्या बाईच्या हातांवर, जणू डोळे तिथं शिवून टाकलेत. आणि तिचे ओठ हलत होते.

"काय पुटपुटतीस?" परत येताना बसमध्ये मी विचारलं.

"आडावरचं म्हनते."

मग तिनं सांगितलं. तिच्या गावचा आड खूप खोल. उन्हाळ्यात टँकर येऊन त्यात पाणी ओतायचा आणि मग गावातल्या बाया ते शेंदून काढायच्या. पोहरा मोठा, एकटीला ओढायचा नाही, म्हणून एका दोराला दोघी. पुढची हात टाकेल तसा मागचीनं टाकायचा. जरा पुढंमागं झालं की दोर हेलकावे खायचा, पोहरा आडाच्या भिंतीला आपटायचा आणि अर्धं पाणी खाली सांडायचं. रेश्मा आठ वर्षांची असल्यापासून तिच्या आईच्या, बनुबाईंच्या मागं उभी राहायची. आई मागं न बघता म्हणत राहायची, "भित्तीला लागू दिऊ नगं, भित्तीला लागू दिऊ नगं." त्या बोलण्यावरच दोघींचे हात पडायचे.

"शेजारच्या दोराकडं बघितलं की पानी गेलंच," रेश्मा म्हणाली. "दुसरीचा पोहरा किती भरलाय ते बघून आपला भरत न्हाई."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. नऊ वर्षांत मी तिला त्या आडाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी यादी लागली. पहिली फळी, डावी बाजू : रेश्मा. माझं नाव शोधत मी खालपर्यंत गेलो. वीस नावं संपली, खाली रेघ होती आणि रेघेखाली मी होतो. राखीव. म्हणजे काठावर.

माझं डोकंच फिरलं. मी मिस तान यांच्याकडं गेलो आणि आबांची अकरा वर्षं, तीन ढाली, कृष्णेचा पूर, सगळं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग वडिलांना बोलव. त्यांना घेते."

तो राग मी घरी येऊन बायकोवर काढला. "माजी जागा घिऊन बसलीस तू," असं म्हणालो. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो.

"मी कुटं घेतली?" तिनं वर न बघता विचारलं. ती तळहाताच्या फोडांना हळद लावत होती. "तुमी मागं मागं गेला. मी आपली वढत हुते." आणि मग आबांबद्दल, "मामांस्नी सांगितलं का?"

"सांगतो."

"सांगा. मी न्हाई सांगायची. थाप तुमी मारलीया, तुमीच निस्तरा."

मी सांगितलं नाही. आबा दर दोन दिवसांनी फोन करायचे. दूध पितोस का, खांदा दुखतो का, पहिल्या फळीवर बसणाऱ्यानं जेवून लगेच झोपू नये. मी "व्हय आबा, व्हय आबा" करत राहिलो. त्यात इलाहीचाचांनी भर घातली. इलाहीचाचा म्हणजे आबांचे जोडीदार. अकरा वर्षं त्याच पहिल्या फळीवर आबा उजवीकडं आणि हे डावीकडं. त्यांचं मंडप-स्पीकरचं दुकान आहे. त्यांनी ठरवलं की शर्यत तालमीत मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायची. मी फक्त व्हिडिओ कॉल लावून द्यायचा.

शर्यतीच्या दिवशी आमच्याकडं साडेदहा वाजले होते, तिकडं सकाळचे आठ. मी काठावरच्या कठड्याला टेकून कॉल लावला. पडद्यावर आमची तालीम दिसली. तीसेक माणसं मांडी घालून बसलेली, मागं बायका उभ्या. सगळ्यांत पुढं खुर्चीवर आबा, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालून.

"दिसतंय," आबा म्हणाले. "होड्या दिसत्यात. जयराज, तू कंच्या होडीत?"

"ती लाल तोंडाची आपली, आबा."

"हां. झकास हाय."

तेवढ्यात मागून इलाहीचाचांचा आवाज आला. "नानासो, पोरगं होडीत हाय, मग फोन कुनी धरलाय?"

तीन आठवडे जे सांगायचं राहिलं होतं ते एका दमात तोंडातून बाहेर पडलं. "आबा, मी काठावर हाय. मला होडीतनं काढलं. लय दिस झालं. मी खोटं बोललो."

आबांचा चेहरा हलला नाही. त्यांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "आन पयल्या फळीवर कोन हाय?"

"रेश्मा."

"माणची?" मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. आबा हसले नाहीत.

भोंगा वाजला. सहा होड्या सुटल्या. दोनशे मीटरची शर्यत, जेमतेम मिनिटभराची. आमची होडी सुरुवातीला चौथी होती. शेजारची निळी होडी सुसाट पुढं निघाली आणि माझी मान, मेली, तिकडं वळली. मानेबरोबर फोनही वळला.

"आरं फोन हलवू नगंस!" आबा ओरडले. "त्या दुसऱ्यांस्नी काय बघायचंय? रेश्माला दाव! तिचं वल्हं दाव मला!"

मी फोन सरळ धरला. रेश्मा वाकत होती, रोवत होती, ओढत होती. निळी होडी अगदी तिच्या हाताजवळून चालली होती, पाणी तिच्या तोंडावर उडत होतं. तिनं बघितलं नाही. तिच्या मागची माणसं तिच्या हातांवर उठत-बसत होती. चिनी, तमिळ, एक गोरा, दोन पंजाबी, सगळे माणच्या एका बाईच्या हातांकडं बघत ओढत होते. निम्मं अंतर गेलं आणि निळी होडी दमली. आमची होती त्याच लयीत चालत राहिली. चौथीची तिसरी झाली, तिसरीची दुसरी.

"इलाही, बघ," आबा हळू म्हणाले. "एकदा बी बाजूला बघितलं न्हाई पोरीनं. आपुन बघायचो."

"म्हनून तर अकरा वर्सांत तीनच ढाली," इलाहीचाचा म्हणाले.

आमची होडी दुसरी आली. पहिलीपेक्षा ड्रॅगनच्या निम्म्या तोंडाएवढी मागं. तालमीत कुणीतरी शिट्टी मारली आणि मग एकच दंगा झाला. मी काठावर उभा राहून रडत होतो. ज्या गोष्टीत माझा काडीचा वाटा नव्हता, उलट जिथं मी अडचणच होतो, त्या गोष्टीचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. माझ्या स्वतःच्या नोकरीचा नाही, घराचा नाही, तीन ढालींचासुद्धा नाही.

रेश्मा वर आली तेव्हा तिच्या अंगातून पाणी निथळत होतं. "आबा बोलतायत," म्हणून मी फोन पुढं केला. तिचा हात पदर घ्यायला खांद्याकडं गेला आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्यावर अडकला.

"मामा, दुसऱ्या आलो," ती म्हणाली.

"व्हय. बघितलं." आबा खुर्चीत पुढं सरकले. "पोरी, हात दाव."

तिनं तळहात कॅमेऱ्यासमोर धरला. फोड फुटलेले, कातडं निघालेलं, हळदीचा पिवळा डाग अजून तसाच. तालमीतल्या मोठ्या टीव्हीवर तो हात सगळ्यांनी बघितला. आबांनी आपला म्हातारा तळहात वर धरून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडं.

"पयल्या फळीचा हात हाय," ते म्हणाले. मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर महिनाभर बोलले नाहीत.

सप्टेंबरात आम्ही सुट्टीवर गावी गेलो. शर्यतीचा दिवस होता, कृष्णा भरून चालली होती, नदीवरच्या आयर्विन पुलावर माणूस मावत नव्हता. आमच्या तालमीची एक रीत आहे. शर्यतीआधी पहिल्या फळीचं वल्हं बाहेर काढायचं, त्याला हळदकुंकू लावायचं, आणि पहिल्या फळीवर बसलेल्या जुन्या माणसानं होडीच्या नाकावर नारळ वाढवायचा. मग होडी पुलापर्यंत सलामीची एक फेरी मारून येते. गेली वीस वर्षं नारळ आबाच वाढवतात.

आबांनी इलाहीचाचांच्या हातातला माईक घेतला. त्यांना माईकवर बोलायची सवय नाही. दोनदा खाकरले.

"नऊ वर्सं मी एक गोष्ट सांगत आलो," ते म्हणाले. "आमच्या सुनंला पानी फकस्त हंड्यातलं चालतंय म्हनून. ती गोष्ट आजपासनं बंद. हितनं म्होरं कुनी सांगितली तर माज्याशी गाठ हाय. पोरी, ये. नारळ तू वाढवायचा. आन सलामीला पयल्या फळीवर तूच बसायचं."

घाटावर कुजबुज झाली. आमच्या होडीत आजवर बाई बसलेली नव्हती. आबांनी त्या कुजबुजीकडं मान वळवून बघितलंही नाही.

रेश्मानं पदर खोचला आणि उतरायला लागली. तिसरी पायरी आली. तिथं ती थांबली, फक्त श्वास घेण्यापुरती. मग चौथी, पाचवी, घोट्यापर्यंत पाणी, गुडघ्यापर्यंत पाणी. तिनं नारळ वाढवला, होडीत चढली आणि आबांनी आपलं वल्हं तिच्या हातात दिलं.

"बाजूला बघायचं न्हाई," आबा मागच्या पोरांना ओरडले. "हिच्या हाताकडं बघा!"

मी काठावर होतो. फोन माझ्याच हातात होता, या वेळी पलीकडं माणमधून बनुबाई होत्या. कुणीतरी त्यांच्यासमोर मोबाईल धरला होता आणि त्या अंगणात उभं राहून बघत होत्या. "आगं बया, येवढं पानी!" एवढंच त्या दोनदा म्हणाल्या. मग होडी हलली, रेश्मानं पहिलं वल्हं रोवलं, आणि बनुबाई मोबाईलवर वाकून आडाच्या काठावरून ओरडावं तशा ओरडल्या, "रेश्मे, भित्तीला लागू दिऊ नगं!"

इतक्या गलक्यात ते तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तिचे ओठ हलत होते. आईचा आवाज येत होता आणि त्यावर लेकीचा हात पडत होता. बाजूनं दुसऱ्या तालमीची होडी गेली, लोक ओरडले, मी तिकडं बघितलं नाही. फोन दोन्ही हातांनी धरला आणि होडी पुलापर्यंत जाऊन परत येईतोवर हलू दिला नाही.